डिझेलच्या गाळणीचें वारंवार तुंबणें : कारणें व उपाय

मालमोटार ही आतां बागाइतदारास बैलजोडीइतकीच जरूरीची झाली आहे. डहाणूकडील चिकू, वसई-पालघरकडील भाजीपाला रात्रीं गाडींत भरावा, मुंबई-अहमदाबाद महामार्गानें वसईची खाडी ओलांडावी आणि पहाटे काशीमिऱ्यावरून वळून मिरारोडच्या शांतीनगरासारख्या दाट वस्तींत माल उतरावा, हा या पट्ट्यांतील क्रम आहे. अशा वेळीं पुलाच्या चढावर इंजिनाचा जोर सरला, तर माल उशिरां पोहोंचतो, भाव हातचा जातो व नाशिवंत माल फुकट जातो. मिस्त्री येऊन डिझेलची गाळणी, म्हणजे फिल्टर, बदलतो. गाडी चालूं लागते. पण थोड्याच दिवसांत पुन्हां तीच रड! आमचें सांगणें इतकेंच कीं, गाळणी वारंवार तुंबत असेल तर घाण कोठून येते तें आधीं शोधावें. नुसती गाळणी बदलीत राहणें म्हणजे बांध फुटला असतां वाफ्यांतलें पाणी उपसण्यासारखें आहे.

डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. हवा दाबून तापवावयाची व तींत तेलाचा बारीक फवारा सोडावयाचा, ही रुडॉल्फ डीझेल यांची युक्ति १८९७ सालीं यशस्वी झाली. खडकीस १९४६ सालीं किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली, आणि विहिरीवरील इंजिनामुळें हें यंत्र आपल्या शेतकऱ्यांच्या चांगलें परिचयाचें झालें. परंतु विहिरीवरचें जुनें इंजिन जी घाण पचवी, ती आजच्या गाडीस पचत नाहीं. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या गाड्यांत तेल हवेच्या दाबाच्या दीड हजार पटींहूनहि अधिक दाबानें नोझलांतून जातें. मनुष्याचा केस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो. येथें ५ मायक्रॉनांचा कणहि नोझल झिजवितो. गाळणी स्वस्त, नोझल महाग, हें विसरूं नये.

काढलेली गाळणी काय सांगते? जुनी गाळणी फेंकूं नये. तींतील तेल कांचेच्या स्वच्छ बरणींत ओतून रात्रभर स्थिर ठेवावें व गाळणी कापून आंतील कागद पाहावा.

बरणीच्या तळाशीं पाणी दिसल्यास टाकीचें झांकण, त्याचें रबर व डिझेल सांठविण्याचें पिंप हीं तपासावीं. अर्धी रिकामी टाकी रात्रीं थंड झाली कीं आंतील हवेंतल्या वाफेचें पाणी होतें. भाईंदरच्या मिठागरांलगतच्या दमट हवेंत हा त्रास विशेष. म्हणून टाकी सायंकाळींच भरून ठेवावी आणि गाळणीखालील पाणी नेमानें सोडावें.

कागदावर काळा, बुळबुळीत थर असेल तर पाणी व डिझेल यांच्या सांध्यावर सूक्ष्म जंतु वाढले आहेत असें समजावें. येथें टाकी पूर्ण रिकामी करून धुवून घेणें, हाच खरा उपाय. नाहींतर दहा गाळण्या बदलूनहि गुण येणार नाहीं.

तांबूस कीट निघाल्यास टाकी अथवा पिंप गंजलें आहे. जस्ताचा मुलामा दिलेलें पिंप डिझेलास वर्ज्य करावें. उघड्यावर उभ्या ठेवलेल्या पिंपाच्या माथ्यावर पावसाचें पाणी सांचतें, आणि पिंप थंड होतांच तें बुचांतून आंत ओढलें जातें. यासाठीं पिंप छपराखालीं, आडवें ठेवावें व तळांतलें तेल गाडींत घालूं नये.

गाळणी स्वच्छ, तरीहि गाडी ओढीत नाहीं? तर टाकीचें झांकण सैल करून पाहावें. गाडी लगेच सुधारल्यास टाकीचें हवेचें भोक बुजलें आहे. न सुधारल्यास टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीचे सांधे पाहावे. तेथून हवा शिरत असली तरी लक्षणें तुंबलेल्या गाळणीचींच दिसतात.

सावधगिरी. नवी गाळणी बसवितांना ती उघड्या डब्यांतील तेलानें भरूं नये. ती घाण थेट नोझलांत जाते. हातपंपानें तेल चढवून हवा काढावी. नव्या गाडीचें इंजिन चालू असतां दाबाच्या नळ्या कदापि सैल करूं नयेत. तेथील फवारा कातडी भेदून आंत शिरतो. तें काम जाणत्या मिस्त्रीचें.

पेट्रोलपंपाबद्दल शंका आल्यास घनता मोजून दाखविण्यास सांगावें; तो ग्राहकाचा हक्क आहे. आणि एका वहींत गाळणी बदलल्याची तारीख, त्या वेळचे किलोमीटर, डिझेल कोठें भरलें व गाळणींत काय निघालें, हें टिपून ठेवावें. तीन नोंदी झाल्या कीं दोषाचें मूळ बहुधा आपोआप उघड होतें. पिकावरील रोगाचें कारण शोधल्यावांचून औषध न मारणाऱ्या शेतकऱ्यानें गाडीलाहि तोच न्याय लावावा, अशी आमची विनंति आहे.