स्मार्टफोनचे ध्वनिसंकेत

दूरध्वनीची घंटा ही मुळात एक हाक आहे. कोणीतरी बोलावीत आहे एवढेच ती सांगते. कोण बोलावीत आहे, हे सांगत नाही. ही उणीव फार पूर्वीच जाणवली होती. अमेरिकेच्या ग्रामीण भागात एकाच तारेवर अनेक घरांचे दूरध्वनी जोडलेले असत. तेव्हा प्रत्येक घरासाठी घंटेची निराळी खूण ठरविलेली असे : एका घरासाठी एक लांब व दोन आखूड, तर दुसऱ्यासाठी दोन लांब. घंटा अनेक घरांत वाजे. पण ती कोणासाठी आहे, हे तिच्या लयीवरून कळे. स्मार्टफोनवर निरनिराळे ध्वनी निवडण्यामागील तत्त्व हेच आहे.

भ्रमणध्वनीत धातूच्या घंटेची जागा लहानशा ध्वनिक्षेपकाने घेतली आणि कोणताही सूर वाजविणे शक्य झाले. १९९४ साली नोकिया कंपनीने स्पॅनिश गिटारवादक फ्रान्सिस्को तारेगा याच्या १९०२ मधील एका रचनेचा छोटासा तुकडा रिंगटोन म्हणून वापरला. तो जगभर लोकप्रिय झाला. परंतु जो सूर सर्वांचा झाला, तो कोणा एकाची खूण राहिला नाही. आगगाडीच्या डब्यात तो वाजला की अनेकांचे हात एकदम खिशाकडे जात.

स्मार्टफोनचे ध्वनी मुख्यतः तीन प्रकारचे असतात : कॉल आल्यावर वाजणारी रिंगटोन, संदेश वा अन्य सूचना आल्याचा अल्पकाळ ध्वनी आणि गजर. 'कॉलर ट्यून' मात्र यांहून भिन्न आहे. ती आपल्या फोनमधून वाजत नाही. सेवा पुरविणारी कंपनी ती फोन करणाऱ्याच्या कानी घालते. २०२० साली करोनाविषयीचा आरोग्यसंदेश देशभर ऐकू येई, तो याच मार्गाने.

अँड्रॉइड फोनमध्ये 'सेटिंग्ज'मधील ध्वनीच्या विभागातून या तिन्ही प्रकारांचे ध्वनी बदलता येतात. संपर्कयादीतील एखाद्या व्यक्तीचे नाव उघडून तिच्यासाठी स्वतंत्र रिंगटोनही नेमता येते. मात्र व्हॉट्सअ‍ॅपवरून येणाऱ्या कॉलसाठी ही निवड त्या अ‍ॅपमध्ये वेगळी करावी लागते. २०१७ साली आलेल्या अँड्रॉइडच्या आठव्या आवृत्तीपासून एकाच अ‍ॅपच्या निरनिराळ्या सूचनांना निरनिराळे ध्वनी देण्याची सोय झाली. आयफोनमध्येही व्यक्तीनुसार रिंगटोन ठेवता येते. स्वतः ध्वनिमुद्रित केलेला तुकडा 'गॅरेजबँड' या अ‍ॅपमधून रिंगटोन म्हणून घेता येतो. त्याची लांबी तीस सेकंदांपर्यंत ठेवावी.

निवड करताना केवळ माधुर्य पाहून चालत नाही. मनुष्याचा कान सेकंदाला सुमारे २,००० ते ५,००० कंपनांच्या ध्वनीला सर्वाधिक संवेदनशील असतो. खर्जातील स्वर लहान ध्वनिक्षेपकातून नीट उमटत नाहीत व रहदारीच्या घरघरीत बुडून जातात. उलट वार्धक्यात प्रथम मंदावते ती अतिउच्च स्वरांची जाण. म्हणून वृद्ध व्यक्तीच्या फोनवर फार तीक्ष्ण नसलेला, पण ठसठशीत सुरुवातीचा ध्वनी योग्य ठरतो. ज्या गीताचा आरंभ मंद आलापाने होतो, ते कितीही आवडते असले तरी रिंगटोन म्हणून उपयोगी नाही; सूर कानी पडेपर्यंत कॉल संपण्याची वेळ येते.

याहून महत्त्वाचा प्रश्न संख्येचा आहे. प्रत्येक जाहिरात आणि प्रत्येक शुभेच्छा वाजू लागली, की मनुष्य त्रासून सारा फोनच मुका करतो. मग रुग्णालयातून मध्यरात्री आलेला कॉलही त्याला ऐकू येत नाही. याला उपाय आहे. 'डू नॉट डिस्टर्ब' ही शांततेची व्यवस्था चालू ठेवूनही निवडक व्यक्तींना तिच्यातून सूट देता येते. एकाच क्रमांकावरून थोड्या वेळात दुसरा कॉल आल्यास तो वाजू देण्याची सोयही आहे. ही मुदत अँड्रॉइडमध्ये पंधरा मिनिटांची, तर आयफोनमध्ये तीन मिनिटांची असते. शिवाय आयफोनमध्ये एखाद्या व्यक्तीच्या रिंगटोनसोबतच 'इमर्जन्सी बायपास' चालू केल्यास तिचा कॉल फोन मुका असतानाही वाजतो.

२०२३ साली भारतात आपत्कालीन इशाऱ्यांची चाचणी झाली, तेव्हा असंख्य फोन एकाच वेळी मोठ्या, अपरिचित आवाजात वाजले व लोकांनी हातातले काम थांबवून पडद्याकडे पाहिले. तो आवाज रोजच्या कोणत्याही सूचनेचा नव्हता, यातच त्याचे सामर्थ्य होते. घरच्या फोनलाही हाच नियम लागू पडतो. जिवाभावाच्या दोनतीन माणसांसाठी एक विशिष्ट सूर राखून ठेवावा, तो अन्य कशासाठीही वापरू नये, आणि अनावश्यक सूचना निःशब्द कराव्यात. ही व्यवस्था केल्यावर त्या व्यक्तींपैकी एकीला फोन करावयास सांगून, आपण शेजारच्या खोलीत थांबून, तो सूर तेथवर ऐकू येतो की नाही हे पडताळून पाहावे.