शिक्क्यावरील तारीख व विमानाचे उड्डाण : प्रारंभीच्या लष्करी हवाई टपालाच्या संशोधनातील एक प्रश्न

टपालाच्या इतिहासाचा अभ्यासक पत्रातील मजकुरापेक्षा पाकिटाकडे अधिक लक्ष देतो. पाकिटावरील तिकीट, टपालहशिलाची रक्कम, रवानगीचा व पोहोचेचा शिक्का या सर्व गोष्टी त्याच्या दृष्टीने अस्सल कागदपत्रांच्याच योग्यतेच्या होत. परंतु कोणतेही साधन ज्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी निर्माण झाले, त्याच प्रश्नाचे उत्तर ते विश्वासाने देऊ शकते. या मर्यादेचा विसर पडला म्हणजे काय घडते, हे प्रारंभीच्या लष्करी हवाई टपालाच्या अभ्यासात विशेष स्पष्टपणे दिसून येते.

पहिल्या महायुद्धाच्या उत्तरार्धात विमाने, वैमानिक व धावपट्ट्या प्रामुख्याने लष्कराच्याच हाती होत्या. साहजिकच नागरी पत्रे विमानाने नेण्याचे आरंभीचे प्रयोगही लष्कराच्या साहाय्यानेच झाले. इटलीत मे १९१७ मध्ये तुरीन ते रोम अशी पत्रे नेण्यात आली. ऑस्ट्रियात व्हिएन्ना, क्राकोव्ह व ल्व्होव्ह यांना जोडणारी लष्करी सेवा ३१ मार्च १९१८ पासून सामान्य जनतेच्या पत्रांसाठी खुली झाली. त्यानंतर दीड महिन्याने अमेरिकेत वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया व न्यूयॉर्क या मार्गावर सेवा सुरू झाली. प्रस्तुत प्रश्नाच्या विवेचनासाठी हे अमेरिकन उदाहरण सर्वांत उपयुक्त आहे.

या सेवेसाठी अमेरिकन काँग्रेसने डाकखात्यास १ लाख डॉलर मंजूर केले होते. विमाने व वैमानिक मात्र लष्कराचे होते. वैमानिकांना लांब पल्ल्याच्या उड्डाणांचा सराव व्हावा, हाही लष्कराचा हेतू होता. सेवेची उभारणी मेजर रूबेन फ्लीट यांच्याकडे सोपविण्यात आली. शिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या कर्टिस जेनी जातीच्या विमानांतील पुढची बैठक काढून तेथे टपालाच्या थैल्यांसाठी जागा करण्यात आली. एकाच विमानाने सर्व पल्ला गाठणे शक्य नसल्याने फिलाडेल्फिया येथे विमान बदलण्याची योजना होती.

१५ मे १९१८ रोजी अध्यक्ष विल्सन यांच्या उपस्थितीत लेफ्टनंट जॉर्ज बॉइल वॉशिंग्टनहून निघाले. ईशान्येस फिलाडेल्फियाकडे जाण्याऐवजी ते आग्नेयेकडे भरकटले आणि मेरीलंडमधील वॉल्डॉर्फजवळ उतरताना त्यांचे विमान मोडले. थैल्या वॉशिंग्टनला परत आणून दुसऱ्या दिवशी पुन्हा रवाना कराव्या लागल्या. त्याच दिवशी न्यूयॉर्कहून लेफ्टनंट टॉरी वेब यांनी आणलेले टपाल लेफ्टनंट जेम्स एजर्टन यांनी फिलाडेल्फियाहून वॉशिंग्टनला सुखरूप पोहोचविले. फिलाडेल्फियाहून न्यूयॉर्कला निघालेले विमानही पोहोचले. मात्र वॉशिंग्टनचे टपाल त्यात असणे शक्यच नव्हते.

या घटनाक्रमाचा पाकिटांच्या वाचनाशी थेट संबंध आहे. वॉशिंग्टन व न्यूयॉर्क या दोन्ही ठिकाणच्या पाकिटांवर ‘१५ मे १९१८’ ही तारीख व ‘पहिली फेरी’ अशा अर्थाचे शब्द असलेले शिक्के आढळतात. न्यूयॉर्कच्या पाकिटावर हे शब्द सर्वार्थाने खरे आहेत. वॉशिंग्टनचे पाकीट त्या दिवशी विमानात चढले हे खरे. परंतु ते भलत्याच दिशेस गेले, रस्त्याने मागे आले आणि मग दुसऱ्या फेरीबरोबर मार्गस्थ झाले. येथे शिक्का खोटा आहे असे म्हणता येत नाही. टपाल कचेरीने पत्र केव्हा व कोणत्या फेरीसाठी स्वीकारले, एवढेच तो सांगतो. ते विमानाने केव्हा व कोठवर नेले, हे सांगणे त्याचे कार्य नव्हे. केवळ शिक्क्यांवरून पहिल्या दिवसाच्या वाहतुकीची यादी करणारा अभ्यासक न घडलेल्या उड्डाणाची नोंद करून बसेल.

शिक्क्याखालोखाल महत्त्वाचा पुरावा टपालहशिलाचा. आरंभी एका पत्रास २४ सेंट पडत. त्यातील १० सेंट त्वरित वाटपाचे होते. १५ जुलै १९१८ पासून हा दर १६ सेंट व १५ डिसेंबरपासून ६ सेंट झाला. लष्कराने ही सेवा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालविली. १२ ऑगस्टपासून डाकखात्याने स्वतःचे वैमानिक व विमाने वापरण्यास प्रारंभ केला. यावरून ६ सेंट दराने भरणा केलेले पाकीट लष्करी कालखंडातील असू शकत नाही, हे निश्चित होते. उलटपक्षी, १६ सेंटांचा दर दोन्ही व्यवस्थांच्या काळात चालू असल्याने तेवढ्यावरून निर्णय करता येत नाही. तेथे तारखेचा आधार घ्यावा लागतो.

या सेवेचे २४ सेंटांचे तिकीट उलट्या विमानाच्या छपाईमुळे जगप्रसिद्ध झाले. चौकट व विमान दोन रंगांत, दोन वेळा छापताना ही चूक झाली. असा एकच शंभर तिकिटांचा ताव विकला गेल्याचे ज्ञात आहे. संग्राहकांच्या लेखी त्याचे मोल फार मोठे असले, तरी त्यातून मुद्रणाचा इतिहास कळतो, वाहतुकीचा नव्हे.

तात्पर्य, पाकीट, टपालखात्याचे नियम व उड्डाणांच्या नोंदी हे तीन स्वतंत्र साक्षीदार मानून त्यांची परस्परांशी पडताळणी केली पाहिजे. ते जुळतात तेथे निष्कर्ष बळकट होतो; जुळत नाहीत तेथेच बहुधा संशोधनाचा खरा विषय हाती लागतो. जानेवारी १९२० मध्ये ब्रिटिश वायुदलाने मुंबई व कराची यांच्यामध्ये सुरू केलेली आणि काही आठवडेच चाललेली टपालसेवा अभ्यासावयाची झाल्यास हीच कसोटी लावावी लागेल. मुंबईचा शिक्का असलेले एखादे पाकीट हाती आले, तर ते विमानासाठी दिले गेले होते काय, आणि विमानाने खरोखर गेले काय, हे दोन प्रश्न वेगळे ठेवूनच विचारले पाहिजेत.