घटक ४ : यंत्राचे वर्णन आणि मराठी क्रियापदे
(उदाहरण : भांडी धुण्याचे घरगुती यंत्र)

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस

• भांडी धुण्याच्या यंत्राचे कार्य टप्प्याटप्प्याने स्पष्ट करता येईल.
• त्याच्या रचनेतील भेद व त्यांमागील कारणे सांगता येतील.
• तांत्रिक विवेचनात नेमके क्रियापद का महत्त्वाचे असते, हे उदाहरणांसह मांडता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण विवेचनपर लेखनाची लक्षणे पाहिली. या घटकात एका यंत्राचे विवेचन करून ती पडताळून पाहू. उदाहरण मुद्दाम स्वयंपाकघरातले घेतले आहे. आपल्यापैकी अनेकजणी रात्रीची भांडी आवरल्यावरच हे पुस्तक उघडत असतील. ज्या कामाला रोज हात लागतात, त्याची भाषाही आपल्याला उत्तम अवगत असते.

बोलताना आपण या यंत्राला ‘डिशवॉशर’ म्हणतो. मराठीत समजावून सांगताना मात्र ‘भांडी घासायचे मशीन’ असे सहज म्हटले जाते. हे वर्णन बरोबर आहे का, हा या घटकाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ हाताने होणाऱ्या कामाचे पृथक्करण

‘भांडी घासणे’ हे एका कामाचे नाव वाटत असले, तरी त्यात अनेक कृती सामावलेल्या असतात. खरकटे काढणे, भांडी भिजत घालणे, घासणे, विसळणे, निथळत ठेवणे आणि पुसणे, असा हा क्रम आहे. ‘घासणे’ म्हणजे एक पृष्ठभाग दुसऱ्यावर दाबून फिरवणे. ‘विसळणे’ या कृतीत दाब नसतो, वाहते वा हलते पाणी असते. ‘निथळणे’ तर आपोआप घडते. म्हणून ते अकर्मक क्रियापद आहे आणि आपण भांडी ‘निथळत ठेवतो’.

खानदेशात पूर्वी घासण्यासाठी चुलीतील राख वापरत, आजही काही घरांत ती वापरली जाते. राखेचे कण खरबरीत असतात, हे तिचे एक कारण. दुसरे कारण रासायनिक आहे. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट हा अल्कधर्मी क्षार असतो. तो तेलातुपाशी मिळून काही प्रमाणात साबणासारखा पदार्थ तयार करतो आणि तेलकटपणा सुटतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे ती उपयोगी पडणार आहे.

४.२.२ यंत्राचा जन्म

अमेरिकेतील जोएल हॉटन यांनी १८५० मध्ये हाताने चाक फिरवून भांड्यांवर पाणी उडवणाऱ्या लाकडी यंत्राचे पेटंट घेतले. ते फारसे उपयोगी ठरले नाही. खरी दिशा दिली ती इलिनॉय राज्यातील जोसेफिन कॉक्रन यांनी. त्यांना २८ डिसेंबर १८८६ रोजी पेटंट मिळाले. भांड्यांच्या मापाचे तारेचे कप्पे करून त्यांवर दाबाने साबणाच्या गरम पाण्याचे झोत सोडण्याची त्यांची कल्पना होती. हे यंत्र १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात मांडले गेले. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेली सर्वधर्मपरिषद स्वामी विवेकानंदांच्या भाषणामुळे आपल्याला परिचित आहे. कॉक्रन यांचे ग्राहक मुख्यतः हॉटेले होती. घरांत यंत्र रुळायला विसावे शतक अर्धे उलटावे लागले. भारतात त्याची मागणी ठळकपणे वाढली ती २०२० च्या टाळेबंदीत, घरकामाला येणाऱ्या बायकांचे येणे थांबले तेव्हा.

४.२.३ कार्याचे टप्पे

(अ) पाणी घेणे : विजेवर चालणारी झडप उघडते आणि यंत्राच्या तळाशी तीन-चार लिटर पाणी साठते.

(आ) प्राथमिक विसळणे : पंप हे पाणी फवारा-दांड्यांमध्ये ढकलतो. दांड्यांवरील भोके तिरकी असतात. पाणी एका दिशेने सुटले की दांडी उलट दिशेने फिरते. दिवाळीतले भुईचक्र याच तत्त्वावर फिरते. दांडी फिरवण्यासाठी वेगळी मोटार लागत नाही.

(इ) मुख्य धुणे : डिटर्जंटच्या डबीचे झाकण उघडते व पाणी साधारण ५० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले जाते. या डिटर्जंटमध्ये बहुधा धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट असते. राखेतील क्षाराचा हा जवळचा नातलग होय. सोबत प्रथिने व पिष्ट यांचे विघटन करणारी विकरे असतात. डाळ, भात यांचे वाळलेले कण त्यांमुळे सुटतात. फेस मात्र होऊ द्यायचा नसतो. फेसामुळे पंपात हवा शिरते आणि झोत दुबळा होतो. म्हणून भांड्यांचा नेहमीचा साबण येथे चालत नाही.

(ई) विसळणे : मळके पाणी बाहेर टाकून नवे घेतले जाते. शेवटचे विसळणे गरम पाण्याने होते. त्यात पृष्ठताण कमी करणारा द्रव मिसळतो. त्यामुळे पाण्याचे थेंब न राहता पातळ थर होऊन ते निथळते.

(उ) वाळवणे : तापलेली भांडी स्वतःच्या उष्णतेने वाळतात.

प्रत्येक टप्प्यात तेच पाणी गाळणीतून जाऊन पुन्हा पुन्हा फिरते. म्हणून बारा-चौदा माणसांच्या ताटवाट्यांना पूर्ण आवर्तनात साधारण ९ ते १५ लिटर पाणी पुरते. वेळ मात्र दीड ते तीन तास लागतो.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. या साऱ्या क्रमात ‘घासणे’ कोठेही नाही. यंत्र भिजवते, धुते, विसळते आणि निथळू देते. घासण्याच्या दाबाची उणीव ते उष्णता, क्षार, झोत आणि वेळ यांनी भरून काढते. म्हणून ‘भांडी धुण्याचे यंत्र’ हेच वर्णन शास्त्रदृष्ट्या योग्य ठरते. हा केवळ शब्दांचा काटेकोरपणा नव्हे. यंत्र घासते अशी समजूत असेल, तर करपलेले पातेले तसेच आत ठेवले जाते आणि पदरी निराशा येते.

४.२.४ रचनेतील भेद

पहिला भेद आकाराचा. ओट्यावर ठेवण्याचे लहान यंत्र, स्वतंत्र उभे यंत्र आणि ओट्याखाली बसवलेले यंत्र असे प्रकार आहेत. न्यूझीलंडच्या फिशर अँड पायकेल कंपनीने १९९७ मध्ये दाराऐवजी खणासारखे ओढायचे यंत्र आणले.

दुसरा भेद गाळणीचा. अनेक जुन्या अमेरिकी यंत्रांत खरकटे दळून बाहेर टाकणारे पाते असे. युरोपीय धर्तीच्या यंत्रांत हाताने काढून धुवायची गाळणी असते. ती शांत चालतात, पण गाळणी साफ करण्याचे काम आपल्याकडे राहते.

तिसरा भेद वाळवण्याचा. काही यंत्रांत तळाशी उघडे तापक असते. काहींत वाफ थंड पोलादी भिंतींवर जमून ओघळते. काहींत शेवटी दार आपोआप किंचित उघडते, तर काहींत झिओलाइट हे खनिज ओलावा शोषून घेते.

चौथा भेद पाणी मृदू करण्याचा, आणि आपल्या भागात तो सर्वांत महत्त्वाचा आहे. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असले की भांड्यांवर पांढरा थर धरतो. पाणी मृदू करणाऱ्या भागातील राळेचे मणी हे आयन पकडून बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने त्यांना पूर्ववत करावे लागते. यासाठी शुद्ध, जाड मीठ लागते. जेवणातले बारीक आयोडीनयुक्त मीठ चालत नाही.

४.२.५ जळगाव-धुळ्यातील स्वयंपाकघर

जळगाव शहराला वाघूर धरणाचे, तर धुळ्याला तापी योजना, नकाणे तलाव इत्यादींचे पाणी मिळते. दोन्ही शहरांनी वर्षानुवर्षे दिवसांआड येणारा नळ अनुभवला आहे. त्यामुळे यंत्राला पाणी गच्चीवरील टाकीतूनच द्यावे लागते. पुष्कळ यंत्रांना किमान अर्धा बार दाब लागतो. दहा मीटर उंचीचे पाणी सुमारे एक बार दाब देते, म्हणजे टाकी यंत्रापेक्षा पाच मीटर उंच हवी. एकमजली घरात ही उंची सहसा मिळत नाही, तेव्हा दाब वाढवणारा छोटा पंप जोडावा लागतो.

शेवभाजीच्या तर्रीचे तेल आणि वरणाची कढई यंत्र उत्तम धुते. पण मांड्यांचे मातीचे खापर, भरीत ठेचायची लाकडी बडगी, पोळपाट-लाटणे आणि बिडाचा तवा त्यात ठेवू नयेत. लाकूड तडकते आणि तव्याचे मुरलेले तेल निघून जाते. ॲल्युमिनियम क्षारामुळे काळवंडते, पितळेची झळाळी जाते.

श्रमांचा हिशोबही नोंदवला पाहिजे. यंत्र घासण्याचे श्रम वाचवते. खरकटे काढणे, भांडी रचणे, गाळणी धुणे ही कामे उरतात आणि ती कोणी करायची, हे यंत्र ठरवत नाही. ज्या घरात भांड्यांना बाई येते, तेथे हा प्रश्न एका कुटुंबाच्या मिळकतीशीही जोडलेला असतो. चांगल्या विवेचनाने उपयुक्ततेसोबत ही बाजूही वाचकासमोर ठेवावी.

४.३ सारांश

भांडी धुण्याचे यंत्र घासत नाही. गरम पाण्याचे झोत, क्षारयुक्त डिटर्जंट आणि वेळ यांच्या साह्याने ते भांडी धुते व विसळते. आकार, गाळणी, वाळवण्याची रीत आणि पाणी मृदू करण्याची सोय यांनुसार त्याचे प्रकार पडतात. घरात रोज वापरली जाणारी क्रियापदे शास्त्रीय लेखनालाही पुरेशी नेमकी असतात. लेखकाने त्यांच्यातील भेद ओळखून ती वापरायला हवीत.

४.४ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘भांडी घासण्याचे यंत्र’ हे वर्णन अयोग्य का, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.
२. राख आणि यंत्रातील डिटर्जंट यांतील साम्य व भेद स्पष्ट करा.
३. आपल्या घराच्या टाकीची उंची पाहून तेथे यंत्राला पुरेसा दाब मिळेल का, याचे विवेचन करा.

४.५ उपक्रम

आपल्या घरातील व गावातील ज्येष्ठ स्त्रियांशी बोलून अहिराणी, लेवा गणबोली किंवा आपल्या बोलीतील भांडी स्वच्छ करण्याची क्रियापदे गोळा करा. प्रत्येक क्रियापदासमोर नेमकी कृती लिहा आणि ती यंत्राच्या कोणत्या टप्प्याशी जुळते, याची नोंद करा.