शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली

कोकणातल्या वाचकाला ही हकिकत जवळची वाटावी, कारण ती आपल्याच किनारपट्टीची आहे. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फार पूर्वी गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी बेने इस्रायल या ज्यू समाजाची परंपरा सांगते. काळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही.

या लोकांनी तेल गाळण्याचा धंदा धरला, मराठी आपलीशी केली. पण शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद. म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. पोथ्या हरवल्या तरी सुंता, खवल्यांच्याच माशांचा नेम आणि 'शेमा' ही प्रार्थना टिकली. गावांवरून आडनावे आली: पेणकर, रोहेकर, किहीमकर. नवस फेडताना आजही 'मलिदा' होतो: भिजवलेले पोहे, ओले खोबरे, गूळ, वर फळे, आणि प्रेषित एलियाहू हनावीचे स्मरण.

पोर्तुगीज गोव्यात मात्र 1560 नंतर इन्क्विझिशनच्या (चर्चच्या धर्मन्यायालयाच्या) लेखी शनिवार पाळणे हाच गुन्हा होता. ज्यू वंशाचे वैद्यकाचे पंडित गार्सिया द ओर्ता यांची हाडे मृत्यूनंतर, 1580 मध्ये, उकरून जाळली गेली. उत्तरेच्या कोकणात तोच शनिवार निर्धास्त पाळला जात होता, हे मला फार मोलाचे वाटते.

अठराव्या शतकापासून कुटुंबे मुंबईला गेली. सामाजी हसाजी दिवेकर यांनी 1796 मध्ये तिथे पहिले सिनेगॉग बांधले. 1948 नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले. तिथे त्यांनी 'मायबोली' हे मराठी नियतकालिक चालवले.