उद्या नक्की!

वडील गेल्यानंतर त्यांच्या विम्याचा अर्ज माझ्या टेबलाच्या खणात आठ महिने पडून होता. जेमतेम दोन पानांचा कागद. खण उघडायचा, अर्ज बघायचा आणि भलतंच काम काढायचं. एकदा तर मी अख्खा माळा आवरला! त्याच दिवसांत कॉलेजात जाणाऱ्या मुलीची जर्नल्स अपुरी राहिली, तेव्हा मात्र ‘आळशी, बेजबाबदार’ असं नाही नाही ते तिला बोललो.

पुढे तिची झोप उडाली, जर्नलचं नाव काढलं की पोटात गोळा येऊ लागला. मानसोपचारतज्ज्ञांनी निदान केलं : एडीएचडी आणि जोडीला चिंताविकार. मी चक्रावलोच. हा विकार म्हणजे बाकांवर उड्या मारणारा मुलगा, अशी माझी समजूत; आमची पोर तर लहानपणापासून शांत! डॉक्टर म्हणाले, चंचलता बाहेर दिसेलच असं नाही. काम समजतं, पण सुरुवात करणं जड जातं. लांबची मुदत मनाला जाणवतच नाही, आदल्या रात्री मात्र झपाटल्यासारखं काम होतं. त्यात बोलणी खाऊन खाऊन वहीचीच धास्ती बसते. वही मिटली की क्षणभर सुटका, आणि सवय लागते ती त्या सुटकेची.

मग मीही वाचू लागलो. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात पूर्वी प्राध्यापक असलेले मानसशास्त्रज्ञ टिमोथी पिचिल यांच्या मते चालढकल हा वेळापत्रकाचा नव्हे, नकोशा भावना टाळण्याचा प्रश्न आहे. २०१० साली त्यांनी व सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. पहिल्या परीक्षेआधीच्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी ती कमी केली. आमच्या घरात नेमका उलटा खाक्या!

अर्थात, टाळाटाळ करणाऱ्या प्रत्येकाला एडीएचडी नसतो. मला नाही. मला फक्त वडिलांच्या नावाआधी ‘कै.’ लिहायचं नव्हतं.

औषधं आणि समुपदेशन सुरू झालं. जर्नल्स अजूनही उशिराच होतात, पण होतात. एका रविवारी आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी बसलो; ती जर्नल घेऊन, मी अर्ज घेऊन. ‘मृताशी नाते’ या रकान्यापाशी माझं पेन अडलं. तिनं ते पाहिलं.

‘‘बाबा, आज नुसता तेवढाच एक रकाना भरा,’’ ती म्हणाली आणि पुन्हा आकृती काढू लागली.