कोफी, कोसोको आणि अंबर

बाळाचे नाव शोधणाऱ्या आजच्या आईवडिलांच्या तीन अटी असतात. नाव छोटे हवे, ओळखीपाळखीत कुणाचे नसलेले हवे आणि त्याला चांगला अर्थ हवा. पहिल्या दोन अटींत आपल्याकडची नेहमीची नावे बाद होतात आणि मग शोध दूरदेशी जातो. परदेशात स्थायिक झालेल्या मराठी घरांतून हल्ली निया, अमारा, इमानी अशी नावे विचारात असल्याचे ऐकू येते. कुठले नाव, असे विचारले की उत्तर येते, 'आफ्रिकन आहे, अर्थ छान आहे.'

मी कोणत्याही विद्यापीठात भाषाशास्त्र शिकलेलो नाही. नोकरी सांभाळून नावांचा नाद मात्र बरीच वर्षे जोपासला आहे. त्यामुळे असे प्रश्न माझ्याकडे येतात आणि 'चांगला अर्थ असलेली चार-पाच नावे सुचवा' अशी मागणीही येते. या लेखात यादी नाही. यादी वाचण्याआधी काय ठाऊक असावे, एवढेच सांगायचे आहे.

वरच्या तिन्ही नावांचे अर्थ खरोखरच चांगले आहेत. स्वाहिलीत निया म्हणजे हेतू, इग्बो भाषेत अमारा म्हणजे कृपा. इमानी म्हणजे श्रद्धा; तो शब्द अरबीतून स्वाहिलीत गेला आणि तोच आपल्याकडे 'इमान' होऊन आला. अडचण आहे ती 'आफ्रिकन' या शब्दाची. चोपन्न देशांच्या या खंडात दोन हजारांच्या आसपास भाषा बोलल्या जातात. 'आफ्रिकन नाव' म्हणजे 'आशियाई नाव' म्हणण्यासारखे आहे. त्यात तुकारामही बसेल आणि तोशिरोही. आणि दुसरी, मोठी अडचण अशी की, नावाचा अर्थ शब्दकोशात सापडतो. ते नाव कुणी, केव्हा, कुणाला उद्देशून ठेवले, हे शब्दकोशात नसते. आफ्रिकेतल्या अनेक समाजांत नावाचा प्राण या दुसऱ्या गोष्टीत असतो.

सगळ्यांत सोपे उदाहरण घानाचे. तिथल्या अकान लोकांत प्रत्येक मुलाला जन्मवाराचे नाव मिळते. रविवारचा मुलगा क्वासी, मुलगी अकोसुआ. सोमवारची जोडी क्वाजो-अजोआ, मंगळवारची क्वाबेना-अबेना, बुधवारची क्वाकू-अकुआ, गुरुवारची याव-या, शुक्रवारची कोफी-अफुआ आणि शनिवारची क्वामे-अमा. हे नाव आईवडील निवडत नाहीत. बाळ ते घेऊनच येते. आठव्या दिवशी त्याला घराबाहेर आणतात, जिभेवर पाण्याचा थेंब आणि मद्याचा थेंब टेकवतात. पाण्याला पाणी म्हण आणि मद्याला मद्य म्हण, म्हणजे आयुष्यभर खरे बोल, असा त्याचा भाव. मग वाराच्या नावाला जोडून वडिलांकडून दुसरे नाव मिळते. आपल्या बाराव्या दिवशीच्या बारशात आत्या कानात 'कुर्रर्र' करते, त्याच्याशी हे ताडून पाहावे. ठाणे-पालघरकडच्या आदिवासी पाड्यांवरचे सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या तर अकान माणसाला लगेच कळतील.

संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झालेले कोफी अन्नान ८ एप्रिल १९३८ रोजी जन्मले. तो शुक्रवार होता. त्यांचे मधले नाव अट्टा, म्हणजे जुळ्यांपैकी एक. त्यांची जुळी बहीण एफुआ, हाही शुक्रवारच्याच नावाचा एक उच्चार. दोन शब्दांत जन्माची नोंद पूर्ण. क्वामे एन्क्रुमा यांची गोष्ट याहून मजेदार आहे. घानाच्या या पहिल्या पंतप्रधानाची कागदोपत्री जन्मतारीख २१ सप्टेंबर १९०९. ती बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याने अंदाजाने लिहिली होती आणि त्या दिवशी मंगळवार येतो. एन्क्रुमांनी आत्मचरित्रात साधा हिशेब मांडला: आपला जन्म सप्टेंबरच्या मध्यावर, शनिवारी झाला, तेव्हा खरी तारीख १८ असावी. कागद आणि वार यांत तंटा झाला, तेव्हा त्यांनी वाराची बाजू घेतली.

आता बाळाला 'क्वामे' नाव देताना यादीत अर्थ दिसतो 'शनिवारी जन्मलेला'. बाळ बुधवारी जन्मले असेल, तर त्या नावाने हाक मारताना अक्रा शहरातला कुणीही माणूस चमकेल.

घानापासून पूर्वेला नायजेरियात आले की नाव शब्दापुढे जाऊन वाक्य होते. योरुबा लोक नावांचे दोन वर्ग करतात. एक, स्वर्गातून आणलेले. दुसरे, जन्मल्यावर दिलेले. जुळी झाली तर पहिल्याचे नाव ताइवो आणि दुसऱ्याचे केहिंदे, मुलगा असो वा मुलगी. ताइवो म्हणजे 'जगाची चव घ्यायला आलेला'. आधी बाहेर आला तरी तो धाकटा. थोरल्या केहिंदेने त्याला पुढे पाठवले, 'जाऊन बघ, जग राहण्याजोगे आहे का' म्हणून. जुळ्यांच्या पाठीवर जन्मले ते इदोवू. पायाकडून जन्मले तर इगे.

दुसऱ्या वर्गातल्या नावांत घरातली हकीकत असते. बाबातुंदे म्हणजे 'बाबा परत आले'. आजोबा वारल्यानंतर जन्मलेल्या मुलाचे हे नाव. आजोबांचे नाव नातवाला देणाऱ्या मराठी घराला ते परके वाटू नये. पण यादीत 'बाबा' हा ओळखीचा शब्द पाहून कुणी ते उचलले आणि आजोबा पलीकडच्या खोलीत पेपर वाचत बसलेले असले तर? अर्थ चांगला, प्रसंग चुकलेला.

याच वर्गात मला सर्वांत जास्त हलवून गेलेली नावे आहेत. ज्या घरात मुले एकामागून एक दगावतात, तिथे तेच मूल पुन्हा पुन्हा जन्म घेते आणि पुन्हा पुन्हा निघून जाते, अशी योरुबांची समजूत होती. अशा मुलाला ते 'अबिकू' म्हणतात: मरण्यासाठी जन्मलेले. मग नाव थेट त्या मुलाशीच बोलते. मालोमो: आता पुन्हा जाऊ नकोस. दुरोजाये: थांब, जगण्याची मजा घे. दुरोसिन्मी: थांब, मला मूठमाती देण्यासाठी तरी थांब. कोसोको: कुदळच नाही, म्हणजे तुझा खड्डा खणायला घरात हत्यार उरलेले नाही, तेव्हा गेलास तर पंचाईत तुझी. या नावाचा एक राजा १८४५ ते १८५१ या काळात लागोसच्या गादीवर होता. ब्रिटिशांनी तोफा डागून त्याला पदच्युत केले, हे इतिहासाच्या पुस्तकात आहे. त्याच्या नावात कुदळ दडलेली आहे, हे नावाची फोड केल्याशिवाय दिसत नाही.

शेजारच्या इग्बो लोकांत अशा मुलाला 'ओग्बांजे' म्हणतात. चिनुआ अचेबे यांच्या १९५८ सालच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' या कादंबरीत एक्वेफी नावाची आई आहे. तिची दहापैकी नऊ मुले गेलेली. तिने मुलांना दिलेली नावे क्रमाने वाचली की तिची सगळी कथा कळते: एका नावात मृत्यूला विनवणी, एकात 'असे पुन्हा न घडो' ही प्रार्थना, आणि एकात हात टेकणे, 'मृत्यू, तुला हवे ते कर'.

हे वाचताना मराठी माणसाला धोंडू, दगडू, केरू, कचरू, भिकू आठवले नाहीत तरच नवल. मूल जगत नाही म्हणून त्याला दगड म्हणायचे, केरात टाकल्यासारखे करून उचलायचे, भिकेत मागून घेतल्याचे दाखवायचे. म्हणजे नजर लागणार नाही, यमाला हाव सुटणार नाही. पद्धतीत थोडा फरक आहे. योरुबा आई मुलाशीच भांडते, मराठी आई मूल कवडीमोलाचे असल्याचा बहाणा करून मृत्यूला फसवते. भीती एकच. आज आपण ही नावे गावंढळ म्हणून टाकून दिली. त्यांतल्या एकेका अक्षरामागे एखाद्या आजी-पणजीची रिकामी झालेली कूस होती, हे मात्र विसरायला नको.

तरीही वाक्यासारखे नाव नेहमी मुलाच्या भल्याचेच असते, असा समज कुणी करून घेऊ नये. झिम्बाब्वेतल्या शोना लोकांत घरातले दुखणे, भाऊबंदकी, शेजाऱ्याला मारलेला टोमणा नावात येतो. न्हामो म्हणजे आपत्ती. त्सित्सी दांगारेंब्गा यांच्या १९८८ सालच्या 'नर्व्हस कंडिशन्स' कादंबरीत नायिकेच्या भावाचे हे नाव आहे. नायिकेचे नाव तांबुद्झाई, त्यात त्रास देण्याचा अर्थ आहे. आपल्याकडे याच जातीचे नाव म्हणजे नकोशी किंवा नकुसा. 'देवा, आता मुलगी पुरे' हा निरोप देवाला, आणि तो आयुष्यभर वाहून न्यायचा मुलीने. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली, ते योग्यच झाले. नावातले वाक्य कुणाला उद्देशून आहे आणि त्याचे ओझे कुणाच्या डोक्यावर पडते, हा प्रश्न म्हणून विचारावा लागतो.

आणि नाव कुणी दिले, हाही. त्यासाठी घानाला जाण्याची गरज नाही, औरंगाबाद पुरे. निजामशाहीचा मलिक अंबर इथिओपियात जन्मला. त्याचे मूळ नाव चापू असे नोंदलेले आहे. लहानपणीच तो विकला गेला, एका हातातून दुसऱ्या हातात जात बगदादच्या मीर कासीमकडे आला आणि या धन्याने त्याचे नाव अंबर ठेवले. मराठी कानाला त्यात आकाश ऐकू येते. धन्याच्या मनात आकाश नव्हते. अरबीत अंबर हे समुद्रात मिळणारे, व्हेल माशापासून होणारे मौल्यवान सुगंधी द्रव्य. गुलामांना अशी नावे देण्याची रीतच होती. रझिया सुलतानच्या दरबारातला हबशी याकूत, म्हणजे माणिक. देवगिरीवर चालून आलेला मलिक काफूर हबशी नव्हता, खंबायतला पकडला गेलेला गुलाम होता. काफूर म्हणजे कापूर. रत्ने, सुगंध, फुले. अर्थ पाहाल तर एकाहून एक गोड, आणि गोड असण्याचे कारण इतकेच की, ही विकत घेण्याच्या वस्तूंची नावे होती. चापूने पुढे खडकी वसवली, मोगलांना दख्खनमध्ये अनेक वर्षे रोखून धरले आणि १६२६ साली तो वारला, तो अंबर म्हणूनच. आईने कोणत्या प्रसंगी त्याला चापू म्हटले असेल, हे त्याच्या नावाबरोबरच गेले.

अटलांटिकपलीकडे गेलेल्या लाखो गुलामांचे असेच झाले, पण तिथे अकानांची वाराची नावे चिवट ठरली. जमैकाच्या डोंगरांतून इंग्रजांशी लढून १७३९ मध्ये त्यांना तह करायला लावणारा पुढारी कजो, म्हणजे सोमवारचा क्वाजो. मॅसॅच्युसेट्समधला जहाजमालक पॉल कफी याच्या बापाचे नाव कोफी. धन्याचे आडनाव सोडून या कुटुंबाने बापाचा शुक्रवार आडनाव म्हणून लावला. ज्यांच्याकडे एवढेही उरले नव्हते, त्यांच्यासाठी माल्कम एक्सने आडनावाच्या जागी फुली मारली. १९७६ साली ॲलेक्स हेली यांची 'रूट्स' आली, पुढच्या वर्षी तिची दूरचित्रवाणी मालिका झाली आणि अमेरिकेत अनेक मुलींचे नाव किझी ठेवले गेले. कादंबरीतल्या बापाने ते नाव 'इथेच राहा' या अर्थाने ठेवलेले असते, मुलगी विकली जाऊ नये म्हणून. ती विकली जातेच. योरुबांचे 'थांब' मृत्यूला भिऊन होते, हे 'थांब' बाजाराला.

आज आपल्यापुढे येणाऱ्या आफ्रिकी नावांच्या याद्यांना ही पार्श्वभूमी आहे. कृष्णवर्णीय अमेरिकनांनी हिरावलेले परत मिळवण्यासाठी त्या धुंडाळल्या. त्यांना नेमके गाव, नेमकी भाषा ठाऊक नव्हती, म्हणून 'आफ्रिकन' एवढ्यावर भागवावे लागले. आपल्याला ती सक्ती नाही. तेव्हा आपण थोडे अधिक कष्ट घ्यावेत.

दुसऱ्या लोकांचे नाव घेऊच नये, असे मी म्हणणार नाही. नावे नेहमीच प्रवास करत आली आहेत. घेण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. नाव नेमक्या कोणत्या भाषेतले? ते पूर्ण आहे की एखाद्या वाक्याचा तुकडा? ते कोणत्या प्रसंगी ठेवतात? आणि ती भाषा बोलणारे त्याचा उच्चार कसा करतात? शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण योरुबांचे एक छोटे, गोड नाव पाहा. आनंद या अर्थाचा शब्द साधारण 'अयॉ' असा उच्चारतात. रोमन लिपीत तो दाखवायला शेवटच्या अक्षराखाली टिंब देतात. याद्यांत ते टिंब गळते. मग उरतो तो 'अयो', आणि तो त्यांच्याकडे खळग्यांत बिया टाकून खेळायचा एक खेळ आहे.

ज्यांच्या भाषेतले नाव घ्यायचे, त्यांच्यापैकी कुणी शेजारी, सहकारी, वर्गमित्र असेल तर बारशाआधी त्याला घरी बोलवावे आणि हे चारही प्रश्न विचारावेत. बहुधा तो उत्तर देण्याआधी उलट विचारील, 'बाळ कोणत्या वारी झालं? घरात त्या वेळी काय चाललं होतं?' ते सांगून झाले की नाव सुचवायला त्याला यादी लागणार नाही.