जुन्या गाडीचं पहिलं ऑइल

सेकंडहँड मोटरसायकल घेतल्यावर ऑइल कधी बदलायचं, याचं उत्तर मला एकच पटतं: घेतली त्याच आठवड्यात. विकणारा 'आत्ताच सर्व्हिसिंग झालंय' म्हणतो. ते खरंही असेल, पण मीटरची केबल मधे किती महिने तुटलेली होती, हे मीटर सांगत नाही.

भाच्याने घेतलेली जुनी पल्सर १५० पुण्यातल्या आमच्या नेहमीच्या मेस्त्रींकडे नेली, तेव्हा त्यांनी आधी ती पाच मिनिटं चालू ठेवली. ऑइल गरम झालं की पातळ होतं आणि तळातला गाळ सोबत घेऊन उतरतं. मग डबल स्टँड, खाली ट्रे, आणि पान्याने ड्रेन बोल्ट सैल. धार काळीकुट्ट आली. भाच्याचा चेहरा पडला.

"काळं असू दे रे, त्याने काही होत नाही," मेस्त्री म्हणाले.

ते बरोबरच होतं. ऑइलमधली डिटर्जंट द्रव्यं काजळी धरून ठेवतात, म्हणून चांगलं ऑइलही काळं पडतं. ते चिमटीत चोळून कण लागतात का बघायचं, ट्रे उन्हात तिरका धरायचा. बारीक चकाकी चालते, पण धातूचे पापुद्रे दिसले तर इंजिन उघडावं लागणार. दुधाळ रंग म्हणजे आत पाणी. पावसाळ्यात गाडी पुरात बुडाली होती का, किंवा ती रोज फक्त कोपऱ्यापर्यंतच जात होती का, ते तिथे कळतं. या गाडीच्या ऑइल गाळायच्या जाळीत सिलिकॉनचे लवचिक तुकडे निघाले. गॅसकेटला फासलेलं सिलिकॉन आत पडलं होतं, म्हणजे इंजिन आधी उघडलेलं होतं. विकणाऱ्याने ते सांगितलं नव्हतं.

जाळी धुतली, बोल्टला नवा वायसर घातला आणि २०डब्ल्यू-५० ऑइल भरलं. मोटरसायकलसाठीचंच, डब्यावर 'जासो एमए' लिहिलेलं. या गाड्यांत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात, त्यामुळे कारचं निसरडं ऑइल घातलं तर क्लच प्लेटा घसरू शकतात. पैसे वाचवायला लोक हे करतात, आणि मग क्लचचा खर्च ओढवून घेतात.

ब्रेक ऑइलला किलोमीटरचा हिशेब लावू नये. ते हवेतलं पाणी शोषतं, गाडी दारात उभी असली तरी. कोरडं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेल्याची मर्यादा १५५ अंशांवर येते. ताम्हिणी घाट उतरताना डिस्क तापली आणि आत वाफ झाली, तर लिव्हर मुठीला टेकतं आणि गाडी थांबत नाही. त्या पल्सरच्या टाकीतलं ब्रेक ऑइल फिकट पिवळ्याचं तपकिरी झालं होतं. मेस्त्रींनी सीलबंद बाटली फोडली, निपलला नळी लावली आणि स्वच्छ धार येईपर्यंत जुनं काढलं. हे काम दर दोन वर्षांनी व्हायलाच हवं. यात मी कुणाशी तडजोड करणार नाही.

शॉकअपचं ऑइल मात्र कुणालाच आठवत नाही. पुढच्या नळ्यांतून राखाडी, कुबट वासाचं पाणचट द्रव्य निघालं. बहुधा कारखान्यात भरलेलंच. दोन्ही नळ्यांत मापून सारखं भरलं. वीसेक हजार किलोमीटरला ते बदललं तरी पुरे. कूलंटचा प्रश्न इथे नव्हता, ही गाडी हवेवर थंड होते. पाण्यावर थंड होणाऱ्या गाडीत मात्र तेही काढून नवं भरावं.

निघालेलं काळं ऑइल मेस्त्रींनी कॅनमध्ये साठवलं. गटारात ओतणारे गॅरेजवाले मला बघवत नाहीत.

सीटखाली तारीख आणि रीडिंग लिहिलेली चिठ्ठी चिकटवली. पुढचं इंजिन ऑइल ५०० किलोमीटरला, कारण पहिल्या भरण्यात इंजिनात चिकटून राहिलेली घाण नव्या ऑइलात उतरते. त्यानंतर शहरातल्या थांबत-चालत वापरात अडीच-तीन हजार किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी येईल ते. ५०० ला भाचा स्वतः ट्रे घेऊन बसला. जाळीत सिलिकॉनचा एकच तुकडा होता, चकाकी नव्हती.